बटण दाबण्याआधी सांगा, आणि परतीची वाट ठेवा

प्रति,
डेस्कटॉप लिनक्सच्या लहानमोठ्या सर्व डिस्ट्रोंच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार संचांच्या) रिलीज टीम, पॅकेजं सांभाळणारे आणि अपग्रेडची साधनं लिहिणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मावशीला फार कमी दिसतं. गेली सहा वर्षं ती लिनक्सवर पत्रं लिहिते, बातम्या ऐकते, बँकेची कामं करते, आणि हे सगळं पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या ऑर्का या स्क्रीन रीडरच्या भरवशावर. गेल्या वर्षी तिच्या संगणकावर नवीन आवृत्ती आल्याची सूचना झळकली. तिनं ती ऑर्काकडून वाचून घेतली आणि मला फोन केला. मी 'कर' म्हणालो, तिनं बटण दाबलं. तासाभरानं संगणक पुन्हा सुरू झाला तो मुका होऊनच. लॉगिनचा आवाज नाही, ऑर्का नाही. पडदा नीट उजळलेला होता, सगळ्या खिडक्या जागच्या जागी होत्या, पण तिला ते कळायला काही मार्गच नव्हता. फोनवर ती म्हणाली, "अरे, हा बंद पडलाय की चालू आहे, एवढंसुद्धा मला समजत नाहीये."

दोन दिवसांनी मी तिच्याकडे जाऊन बसलो. कारण सापडायला अडीच तास लागले. तिच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, म्हणून काही वर्षांपूर्वी मी वायरप्लंबर या, आवाज कुठं जावा ते ठरवणाऱ्या कार्यक्रमासाठी लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक छोटी फाइल लिहून एचडीएमआयचा, म्हणजे मॉनिटरकडं जाणारा, आवाज बंद करून ठेवला होता. २०२४ मध्ये आलेल्या वायरप्लंबर ०.५ नं लुआतल्या सेटिंग फाइली वाचणं सोडलं आणि नवा साचा आणला. अपग्रेडबरोबर ती आवृत्ती आली, माझी फाइल बाजूला पडली, आणि आवाज गेला थेट स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे. ऑर्का सबंध वेळ बोलतच होतं. ऐकू मात्र कुणालाच येत नव्हतं.

वायरप्लंबरच्या लोकांना मी दोष देत नाही. बदलामागं कारणं होती, नव्या साच्याची माहिती त्यांनी लिहून ठेवली होती, आणि जुन्या लुआ फाइली आता चालत नाहीत असा इशारा कार्यक्रम जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, नोंदवतोही. माझं दुखणं नेमकं तिथंच आहे. यंत्राला कारण ठाऊक होतं. त्यानं ते लिहूनसुद्धा ठेवलं. पण अशा ठिकाणी आणि अशा वेळी, की जिला त्याची गरज होती तिच्यापर्यंत ते पोचणं अशक्य होतं. अपग्रेड सुरू होण्याआधी, म्हणजे ऑर्का बोलत असताना, त्या एका फोल्डरमध्ये लुआची फाइल आहे का एवढं कुणी पाहिलं असतं आणि एक वाक्य पडद्यावर आणलं असतं, तर मावशीचे ते दोन दिवस मुके गेले नसते.

माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी, पण वळण तेच. त्यातल्या ग्राफिक्स कार्डाला बंदिस्त (कोड खुला नसलेल्या) ड्रायव्हरची जुनी मालिका लागते. ती मालिका बनवणाऱ्यांनी सोडून दिली, त्यामुळं नव्या आवृत्तीच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या कोठारातून) ते पॅकेज गेलं. हे मला मान्य आहे; ज्याची सुरक्षा कुणी पाहत नाही ते पॅकेज ठेवू नये. अपग्रेडच्या वेळी मात्र जुनं पॅकेज यंत्रावर तसंच राहिलं. डीकेएमएस या साधनानं नव्या कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या नव्या गाभ्यासाठी, त्याचं मॉड्यूल बांधायचा प्रयत्न केला, तो फसला, त्याची ओळ हजारो ओळींच्या ओघात वर सरकून गेली, आणि शेवटी 'अपग्रेड पूर्ण झाले' असा संदेश आला. पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर.

खुला नूव्हो ड्रायव्हर ते कार्ड चालवू शकला असता. पण जुन्या बंदिस्त ड्रायव्हरच्या पॅकेजनं नूव्होला मज्जाव करणारी एका ओळीची फाइल मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या साधनाच्या) फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि ती जिथल्या तिथं होती. एकाला येता येईना, दुसऱ्याला येऊ देईनात. ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना सिस्टिम निवडण्याच्या, मेनूतून जुन्या कर्नलवर जाऊन पाहिलं, तर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या एक्स सर्व्हरशी त्या ड्रायव्हरचं जुळेना. शेवटी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर गेलो, ड्रायव्हरची पॅकेजं काढली, ती मज्जावाची फाइल पुसली, इनिटरामएफएस (सुरू होताना आधी लागणारा छोटा फाइलसंच) पुन्हा तयार केलं आणि यंत्र उठलं.

मला हे जमलं, कारण मी हे पंधरा वर्षं करतो आहे. ज्याला कन्सोलवर जाता येतं हेच माहीत नाही, त्यानं काय करायचं? त्यात अनेक डिस्ट्रोंमध्ये यंत्रावर एकच सिस्टिम असेल तर ग्रबचा मेनू लपवलेला असतो. तो बाहेर काढायला सुरू होताना नेमक्या क्षणी शिफ्ट किंवा एस्केप दाबावं लागतं. म्हणजे सुटकेचं दार आहे, पण ते कुठं आहे हे शोधायला दुसरा चालू संगणक लागतो. पुष्कळांच्या घरी तो एकच असतो, आणि तोच काळा पडलेला असतो.

आता त्या रात्री अपग्रेडच्या साधनाला काय काय ठाऊक होतं ते पाहा. कार्ड कोणतं आहे हे ठाऊक होतं. कोणता ड्रायव्हर चालू आहे हे ठाऊक होतं. नव्या रिपॉझिटरीत तो नाही हे ठाऊक होतं. मॉड्यूल बांधताना चूक झाली हेही ठाऊक होतं, कारण ती चूक त्याच्याच नोंदीत होती. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या असत्या तर 'या यंत्राचा पडदा पुढच्या वेळी लागणार नाही' हे आधीच सांगता आलं असतं. निदान शेवटी 'पूर्ण झाले' म्हणण्याऐवजी 'आत्ता पुन्हा सुरू करू नका' एवढं तरी म्हणता आलं असतं. त्या वेळी जुना कर्नल चालू होता, पडदा दिसत होता, इंटरनेट होतं. दुरुस्तीला त्याहून चांगली वेळ पुन्हा मिळाली नाही.

लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कर्नलमध्ये एक नियम फार कडकपणे पाळला जातो: कर्नलमधल्या बदलानं वापरकर्त्याचा चालता कार्यक्रम मोडता कामा नये. मोडला, तर तो कर्नलचा दोष धरतात आणि बदल मागं घेतात. मात्र हे वचन बाहेरच्या कार्यक्रमांसाठी आहे. कर्नलच्या आत ड्रायव्हर ज्या आधारानं उभे असतात ती रचना कधीही बदलू शकते, आणि हेही तिथं उघडपणे लिहिलेलं आहे. म्हणून कर्नलच्या झाडाबाहेर राहिलेला प्रत्येक ड्रायव्हर दर मोठ्या बदलाला नव्यानं जुळवून घ्यावा लागतो. हे दोन्ही निर्णय मला पटतात. पण या दोन्हींच्या मधल्या फटीत वापरकर्ता पडतो, आणि त्या फटीवर पूल बांधणारं दुसरं कुणी नाही, तुम्हीच आहात. कर्नलवाल्यांना माझ्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते दिसत नाही. तुमच्या साधनाला ते दिसतं.

आणखी एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं: अपग्रेड अर्ध्यावर आणून विचारले जाणारे प्रश्न. एखादी सेटिंग फाइल यंत्रावर बदललेली आहे आणि पॅकेजबरोबर नवी आली आहे, तर तुमची ठेवू की आमची घालू, असं डेबियन-उबुंटूतलं पॅकेज बसवणारं साधन, डीपीकेजी, विचारतं. प्रश्न प्रामाणिक आहे. ज्यानं ती फाइल स्वतः हातानं बदलली त्याला तो विचारायलाच हवा. पण कित्येकदा ती फाइल माणसानं नव्हे, दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमानं किंवा सेटिंगच्या खिडकीतल्या एका टिचकीनं बदललेली असते. समोरच्याला फाइलचं नावसुद्धा नवं असतं. त्याला उत्तर येत नाही. तो घाबरून काहीतरी दाबतो, नाहीतर खिडकी बंद करतो, आणि मग अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी अशी अवस्था होते. कोणत्या फाइली बदललेल्या आहेत हे पॅकेज व्यवस्थेला आधीपासून माहीत असतं, कारण मूळ फाइलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ती जपून ठेवते. नवी पॅकेजं उतरवून झाली की स्थापना सुरू करण्याआधीच त्या प्रश्नांची यादी करता येईल. हे सगळे प्रश्न एकत्र, सुरुवातीला, साध्या भाषेत विचारा. आणि हो, माणसाच्या स्वतःच्या भाषेत विचारा. डेस्कटॉप मराठीत चालतो, मेनू मराठीत असतात; पण जिथं चुकलं तर यंत्र बसतं, त्याच नेमक्या जागी भाषा बदलून इंग्रजी होते.

बूट पार्टिशन, म्हणजे सुरू होण्याच्या फाइलींसाठीची डिस्कवरची वेगळी जागा, भरल्यामुळं अडकलेली अपग्रेडं तुम्हाला पाठ असतील, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या यंत्रांवर बूटचं पार्टिशन वेगळं आणि अनेकदा लहान असतं, इनिटरामएफएस दरवर्षी फुगत चाललं आहे, आणि दोनतीन जुने कर्नल तिथं बसून असतात. काही डिस्ट्रोंची साधनं ही जागा आधी मोजतात आणि कमी असेल तर पाऊलच टाकत नाहीत. बाकीच्यांनी एवढं तरी उचलावं.

तुमच्यातल्या अनेकांनी उत्तम काम केलेलं आहे, आणि मी जे मागतो आहे त्यातलं जवळपास सगळं कुठं ना कुठं आज चालू आहे. ओपनसुसेनं २०१४ मध्ये, १३.२ या आवृत्तीपासून, बीटीआरएफएस ही फाइल व्यवस्था आणि स्नॅपर (स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद, सांभाळणारं साधन) यांची जोडी सिस्टिमसाठी नेहमीची केली. पॅकेजांत बदल होण्याआधी आणि नंतर स्नॅपशॉट आपोआप घेतला जातो, आणि बिघडलं तर बूटच्या मेनूतूनच आधीच्या अवस्थेत शिरता येतं. फेडोराच्या सिल्व्हरब्लू या प्रकारात ओएसट्री या व्यवस्थेमुळं आधीची सबंध सिस्टिम शेजारी तशीच राहते. नवी पसंत नाही पडली तर जुनी निवडायची. लिनक्स मिंटनं २०१७ च्या १८.३ पासून टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉटचं साधन सोबत दिलं, आणि त्यांचं मोठ्या अपग्रेडचं साधन आधी तपासण्या करतं, स्नॅपशॉटची आठवण देतं. डेबियन प्रत्येक आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये 'लक्षात ठेवण्याच्या अडचणी' असं सबंध प्रकरण लिहितं. २०२३ मध्ये डेबियन १२ नं फर्मवेअरसाठी (हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) वेगळा विभाग काढला, तेव्हा सोर्सेसच्या यादीत तो न घालणाऱ्यांना फर्मवेअरचे अपडेट मिळणार नाहीत हे त्यांनी तिथं नीट सांगितलं होतं. मी ते प्रकरण दर वेळी शेवटपर्यंत वाचतो, आणि त्यामागची मेहनत मला दिसते.

आणि एक आठवण मुद्दाम. २०२४ मध्ये २४.०४.१ ही आवृत्ती आल्यावर उबुंटूनं जुन्या एलटीएसवरून (दीर्घ काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवरून) अपग्रेडची वाट खुली केली, आणि साधनात गंभीर दोष दिसताच काही दिवसांत ती पुन्हा बंद केली. तेव्हा कित्येकांनी नावं ठेवली. मला तो निर्णय फार मोलाचा वाटला. तारीख पाळण्यापेक्षा अनोळखी माणसांची यंत्रं शाबूत ठेवणं त्यांनी महत्त्वाचं मानलं. ज्यांनी तो थांबा दिला त्यांचे आभार या पत्रात मानायचे होते.

मग मागणं काय आहे? एवढंच की ही सोय काही डिस्ट्रोंचं वैशिष्ट्य राहू नये. मोठ्या अपग्रेडच्या आधी परतीची वाट तयार होणं हे नेहमीचं असावं, माणसानं मागावं लागू नये. ज्या यंत्रावर बीटीआरएफएस आहे तिथं तर स्नॅपशॉट क्षणात होतो. फेडोरा वर्कस्टेशन २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, बीटीआरएफएसवर आलं, म्हणजे पाया घातलेला आहे. त्यावर परत फिरण्याची सोय आपोआप उभी राहिलेली पाहायची माझी इच्छा आहे. जिथं एक्सटी४ ही जुनी फाइल व्यवस्था आहे तिथं हे अवघड आहे, कबूल. तिथं निदान जागा असेल तर प्रत काढावी, नसेल तर 'या यंत्रावर मागं फिरता येणार नाही' हे स्पष्ट सांगावं. माणूस मग आपला निर्णय आपण घेईल. शिवाय दोनतीन वेळा डेस्कटॉपपर्यंत पोचता आलं नाही, तर यंत्रानं स्वतः आधीच्या अवस्थेकडं वळावं. सिस्टिमडी-बूट या, यंत्र सुरू करणाऱ्या कार्यक्रमात बूटचे प्रयत्न मोजून जुन्या नोंदीवर परतण्याची सोय आहे. मावशीसारख्या वापरकर्त्यांना मेनूतून निवडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. बूटचा मेनू बोलत नाही.

परतीच्या वाटेची एक मर्यादा मला माहीत आहे. सिस्टिम मागं नेली तरी होम फोल्डर पुढंच राहतो, आणि तो मागं नेऊही नये, नाहीतर मधल्या काळातलं काम जाईल. पण नव्या आवृत्तीतला कार्यक्रम एकदा चालला की आपली सेटिंग आणि डेटाबेस नव्या साच्यात नेऊन ठेवतो. जुना कार्यक्रम ते वाचू शकतोच असं नाही. फायरफॉक्स २०१९ पासून, ६७ व्या आवृत्तीपासून, नव्या आवृत्तीनं वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडूच देत नाही. ती खराब होण्यापेक्षा हे बरं. इथं डेस्कटॉप लिहिणाऱ्या मंडळींची साथ लागेल: साचा बदलण्याआधी जुन्या फाइलीची प्रत शेजारी ठेवायची. थोडी जागा जाईल, फार नाही.

पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स या जुन्या व्यवस्थेची जागा घेणाऱ्या वेलँडबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण पुढच्या काही वर्षांतली बरीच अपग्रेडं याच उंबरठ्यावर अडखळणार आहेत. एक्स १९८४ चं, वेलँड २००८ चं. बदल व्हायला हवा यात मला शंका नाही. दुसऱ्या कार्यक्रमात दाबलेल्या कीबोर्डच्या कळा कोणताही कार्यक्रम वाचू शकतो ही एक्सची रचना आजच्या काळात चालणार नाही. प्लाझ्मा या डेस्कटॉपची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तीच वेलँडला पहिली पसंती देत. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ या डेस्कटॉपमध्ये एक्सचं (एक्स ११ चं) सेशन मुळातच बंद ठेवलेलं होतं. पण ज्यांचं काम एक्सवर तरलेलं आहे ते लोक कोण आहेत? कळांची आपोआप दाबादाबी करणाऱ्या स्क्रिप्टवर हाताच्या दुखण्यामुळं विसंबलेला माणूस. दुसऱ्याच्या पडद्यावर दुरून मदत करणारा. देवनागरीसाठी एखादी जुनी टाइपिंगची पद्धत वापरणारी लेखिका. यातल्या पुष्कळ गोष्टींना आता वेलँडमध्ये पर्याय आहेत, पण ते त्याच नावाचे नाहीत आणि आपोआप जागेवर येत नाहीत. अपग्रेडच्या साधनाला यंत्रावरची पॅकेजं दिसतात. कळा आपोआप दाबणारं एक्सडूटूल दिसलं तर सांगा की हे आता चालणार नाही, आणि त्याच्या जागी काय बघायचं. माणूस सकाळी कामाला बसेल तेव्हा त्याला ते पहिल्यांदा कळू नये.

हे सगळं आत्ताच लिहायला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं नेहमीचं समर्थन संपलं. चांगली चालणारी पण विंडोज ११ च्या अटींत न बसणारी यंत्रं घेऊन माणसं लिनक्सकडं आली आहेत, येत आहेत. माझ्या ओळखीतल्याच चौघांच्या यंत्रांवर मी ते बसवून दिलं. बसवणं सोपं झालं आहे. त्याचं श्रेय तुमचं. पण त्यांनी अजून एकही मोठं अपग्रेड पाहिलेलं नाही. पहिलं येईल तेव्हा यंत्र आणखी जुनं झालेलं असेल, ग्राफिक्स कार्ड बहुधा नेमकं त्या सोडून दिलेल्या मालिकेतलं असेल, आणि शेजारी बसून सांगणारं कुणी नसेल. त्या एका काळ्या पडद्यावर ती माणसं आपल्याबरोबर राहतात की जातात, हे ठरेल.

तुमच्यातले बहुतेक जण हे काम स्वतःचा वेळ देऊन करतात. मागणाऱ्यानं हात रिकामे ठेवून मागू नये, म्हणून माझ्या बाजूनं जे शक्य आहे ते सांगतो. तो जुना लॅपटॉप, जुन्या कार्डासकट, मी चाचणीसाठी बाजूला काढला आहे. प्रत्येक बीटाला त्यावर आधीच्या आवृत्तीवरून अपग्रेड करेन. नव्यानं बसवणार नाही, कारण बसवणं तपासणारे पुष्कळ आहेत, अपग्रेड तपासणारे कमी. पूर्ण नोंदींसह बग नोंदवीन. अपग्रेडच्या साधनातले संदेश मराठीत आणायचं काम मी आणि दोन मैत्रिणींनी मिळून सुरू केलं आहे. एकच विनंती: ते संदेश रिलीजच्या अगदी शेवटच्या आठवड्यात बदलू नका, भाषांतराला वेळ ठेवा. आणि मावशीनं स्वतःहून सांगितलं आहे की ऑर्का लावून अपग्रेडची सबंध वाट चालून बघायला ती तयार आहे, फक्त तेव्हा शेजारी कुणीतरी हवं.

तिच्या संगणकावर पुढच्या आवृत्तीची सूचना परवा पुन्हा आली. तिनं फोन करून विचारलं, दाबू का. मी रविवारी येतो, तोवर थांब, असं तिला सांगितलं आहे.

आपला,
डेस्कटॉप लिनक्सचा एक जुना वापरकर्ता